समकालीन इतिहास : विद्यापीठीय अध्ययन

समकालीन इतिहास : ज्या काळातील घटनांचे कर्ते, साक्षीदार किंवा बळी यांपैकी काहीजण अद्यापि हयात असतात आणि ज्या काळाने निर्माण केलेले प्रश्न अजून मिटलेले नसतात, अशा नजीकच्या भूतकाळाच्या साधार अध्ययनास समकालीन इतिहास ही संज्ञा दिली जाते. आधुनिक इतिहासाचाच तो अखेरचा भाग होय. तथापि स्वतंत्र अध्यासने, नियतकालिके व संशोधनसंस्था असलेला विद्यापीठीय विषय म्हणून त्याला मान्यता मिळाली ती विसाव्या शतकात.

मराठीत अर्वाचीन व आधुनिक हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात आणि समकालीन हा शब्द त्यांच्याहून अलीकडचा काळ दाखवितो. हा काळ नेमका कोठे सुरू होतो, याविषयी एकमत नाही. फ्रान्समध्ये १७८९ च्या राज्यक्रांतीपासूनच्या सर्व इतिहासाला समकालीन म्हणण्याचा प्रघात आहे. जर्मन इतिहासकार हान्स रोटफेल्स याने १९५३ मध्ये हयात असलेल्या पिढ्यांचा काळ अशी व्याख्या करून रशियन क्रांतीचे व अमेरिकेच्या युद्धप्रवेशाचे १९१७ हे वर्ष आरंभबिंदू मानले. जेफ्री बॅरक्लफ या इंग्रज इतिहासकाराने १९६४ च्या आपल्या ग्रंथात वर्षापेक्षा प्रश्नांना महत्त्व दिले. आजच्या जगाला भेडसावणारे प्रश्न प्रथम दृश्य स्वरूपात आले, तेथून समकालीन इतिहास सुरू होतो, असे त्याचे प्रतिपादन होते व तो काळ त्याने १८९० च्या आसपासचा धरला. एरिक हॉब्सबॉमने १९१४ ते १९९१ हे एक सलग युग कल्पिले. कालखंडाची सीमा अशी सतत पुढे सरकत असल्याने एका पिढीचा समकालीन इतिहास पुढच्या पिढीचा केवळ आधुनिक इतिहास होतो. व्याख्येतील ही अस्थिरता विषयाच्या स्वरूपातच अंतर्भूत आहे.

पूर्वपीठिका : आपल्या हयातीत घडलेल्या घटनांचा इतिहास लिहिणे, ही कल्पना नवीन नाही. थ्युसिडिडीझने ज्या युद्धात स्वतः सेनानी म्हणून भाग घेतला, त्याचाच इतिहास लिहिला. मराठीतही कृष्णाजी अनंत सभासदाची बखर (१६९७) ही शिवाजी महाराजांच्या पदरी वावरलेल्या माणसाने लिहिलेली आहे. पाहणारा व लिहिणारा एकच असणे, हा प्राचीन व मध्ययुगीन काळी दोष नसून गुण समजला जाई.

हा दृष्टिकोन एकोणिसाव्या शतकात पालटला. लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) याने बर्लिन विद्यापीठात अभ्याससत्रांची पद्धत रुजविली आणि मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेवर इतिहासलेखन उभे केले. प्रत्यक्षदर्शीच्या कथनापेक्षा घटनेच्या वेळी तयार झालेला दप्तरातील कागद अधिक विश्वसनीय ठरला. परंतु दप्तरखाने राजांचे होते. खुद्द रांकेला व्हिएन्ना येथील दप्तर पाहावयास मिळाले, ते मेटरनिखच्या परवानगीने. व्हॅटिकनचे दप्तर संशोधकांना खुले झाले १८८१ मध्ये. जुने कागद मिळत, नवे मिळत नसत. त्यामुळे ज्या काळाची दप्तरे उघडलेली आहेत, त्याच काळाचा शास्त्रीय इतिहास संभवतो, असा समज दृढ झाला आणि त्याला निःपक्षपातीपणासाठी कालाचे अंतर आवश्यक आहे, असे तात्त्विक रूप देण्यात आले. हे तत्त्व सर्वस्वी निराधार नाही. पण अंतर म्हणून मानलेली वर्षे आणि सरकारने दप्तर बंद ठेवण्याची वर्षे बहुधा सारखीच भरत, ही गोष्ट त्या काळच्या अध्यापकांच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही. समकालीन इतिहासाच्या अध्ययनाची पुढील वाटचाल म्हणजे बव्हंशी या दोहोंतील फरक उमगत जाण्याची प्रक्रिया होय.

इंग्लंडचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील आधुनिक इतिहासाची राजनियुक्त अध्यासने पहिल्या जॉर्जने १७२४ मध्ये निर्माण केली, ती राज्याला परराष्ट्रसेवेसाठी भाषा व अलीकडचा इतिहास जाणणारे तरुण मिळावेत म्हणून. ऑक्सफर्डला आधुनिक इतिहासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८७२ मध्ये, तर केंब्रिजला इतिहासाची स्वतंत्र पदवीपरीक्षा १८७३ मध्ये मान्य झाली. मात्र तोवर ‘आधुनिक’ या शब्दात रोमन साम्राज्याच्या पतनानंतरचे सर्व काही येत असे. फ्रान्समध्ये शिक्षणमंत्री व्हिक्तॉर द्यूर्वी याने १८६३ मध्ये माध्यमिक शाळांच्या शेवटच्या वर्गात समकालीन इतिहास आणला, तेव्हा शाळेत राजकारण शिरेल, अशी टीका त्याच्यावर झाली.

पहिले महायुद्ध व युद्धदोषाचा प्रश्न : समकालीन इतिहासाला विद्यापीठात स्थान मिळवून देण्यास पहिले महायुद्ध कारणीभूत झाले. नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेव्हिक सरकारने झारच्या परराष्ट्रखात्यातील गुप्त करार वर्तमानपत्रांतून छापण्यास सुरुवात केली. तुर्की साम्राज्याचे प्रदेश वाटून घेणारा १९१६ चा साइक्स-पिको करार जगाला कळला तो या मार्गाने. पन्नास वर्षांनी उघडावयाचे कागद दीड वर्षात बाजारात आले. व्हर्सायच्या तहातील कलम २३१ मुळे युद्धाची जबाबदारी हा नुकसानभरपाईशी, म्हणजे रोख रकमेशी, निगडित झालेला प्रश्न बनला. कार्ल काउट्‌स्कीने संकलित केलेले जर्मन परराष्ट्रखात्याचे कागद डिसेंबर १९१९ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाले. त्यानंतर जर्मन सरकारने १८७१ पासूनच्या कागदपत्रांचा चाळीस भागांचा प्रचंड संग्रह १९२२ ते १९२७ या अल्पावधीत काढला. त्याला उत्तर म्हणून ब्रिटिश सरकारने गूच व टेंपर्ली या इतिहासकारांकडून अकरा खंड (१९२६–३८) संपादित करून घेतले. इतक्या ताज्या काळाची इतकी विपुल साधने इतिहासकारांच्या हाती यापूर्वी कधीच आली नव्हती.

या विपुलतेची दुसरी बाजूही होती. युद्धदोषाचा आरोप खोडून काढण्यासाठी जर्मन परराष्ट्रखात्यात एक खास विभाग काम करीत होता व अनुकूल लेखनाला तो पैसा पुरवी. राइश्टागच्या चौकशी समितीने हेरमान कांटोरोविच या विधिज्ञाकडून या प्रश्नावर अभिप्राय मागविला. उपलब्ध कागदांच्या आधारे त्याने ऑस्ट्रिया व जर्मनी यांच्यावर मोठी जबाबदारी टाकली. परराष्ट्रखात्याच्या दबावामुळे तो अभिप्राय छापला गेला नाही. कील विद्यापीठातील त्याच्या नेमणुकीलाही या खात्याने विरोध केला. नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३३ मध्ये कांटोरोविचला पदच्युत करण्यात आले आणि १९४० मध्ये तो केंब्रिज येथे निवर्तला. त्याचा अभिप्राय प्रसिद्ध झाला १९६७ मध्ये. चाळीस खंडांचे उघडे दप्तर आणि एक दडपलेले हस्तलिखित ही एकाच शासनाची कृती होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

ब्रिटनमध्ये याच सुमारास नवी अध्यासने स्थापन झाली. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन निघाले. देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या अशा अध्यासनांचा धोकाही लवकरच प्रत्ययास आला. आर्नल्ड टॉयन्बी (१८८९–१९७५) हा लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ग्रीक देणगीतून निर्माण झालेल्या अध्यासनावर १९१९ मध्ये नियुक्त झाला. त्याने १९२१ मध्ये मँचेस्टर गार्डियनचा बातमीदार म्हणून आनातोलियात जाऊन ग्रीक सैन्याने तुर्की खेड्यांवर केलेल्या अत्याचारांचे वृत्तांत पाठविले आणि १९२२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. देणगीदार संतापले व १९२४ मध्ये त्याला अध्यासन सोडावे लागले. पुढे चॅटम हाउस या संस्थेसाठी त्याने आंतरराष्ट्रीय घडामोडींचे वार्षिक आढावे वर्षानुवर्षे लिहिले. मध्ययुगावर लिहिणाऱ्या इतिहासकाराच्या वाट्यास असा प्रसंग क्वचितच येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर : १९४५ मध्ये जर्मनीचा पूर्ण पाडाव झाल्याने एका आधुनिक राज्याची दप्तरे त्या राज्याच्या संमतीविना खुली झाली. हार्ट्स पर्वतप्रदेशात लपविलेले परराष्ट्रखात्याचे कागद दोस्तांच्या हाती लागले आणि न्यूरेंबर्ग खटल्यात त्यांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. म्यूनिक येथे १९४९ मध्ये नाझी काळाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली. १९५२ मध्ये तिला समकालीन इतिहास संस्था हे नाव मिळाले व १९५३ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. रोटफेल्सची वर उल्लेखिलेली व्याख्या त्याच्या पहिल्याच अंकात आहे. हा प्राध्यापक ज्यू वंशाचा म्हणून केनिग्झबर्ग विद्यापीठातून दूर केला गेला होता. १९३९ मध्ये देश सोडून गेलेला हा इतिहासकार १९५१ मध्ये ट्यूबिंगेनला परतला. ज्या विद्यार्थ्यांना त्याने शिकविले, त्यांतील बहुतेकांच्या घरी युद्ध पाहिलेली व त्याविषयी मौन पाळणारी माणसे होती. फ्रँकफुर्ट येथील आउश्‌व्हिट्स खटल्यात (१९६३–६५) या संस्थेतील इतिहासकारांनी छळछावण्यांच्या यंत्रणेविषयी न्यायालयापुढे तज्ञ म्हणून निवेदने केली. समकालीन इतिहासकार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहण्याचा हा प्रघात येथून पडला.

या विषयाच्या विकासातील सर्वांत गाजलेला वाद म्हणजे फिशरवाद होय. हँबर्ग विद्यापीठातील फ्रिट्स फिशर (१९०८–९९) याने १९६१ मध्ये पहिल्या महायुद्धातील जर्मन उद्दिष्टांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्व जर्मनीतील पॉट्सडॅम येथील दप्तरासह अनेक अभिलेखागारे त्याने धुंडाळली होती. त्यांत त्याला चॅन्सेलर बेथमान होल्वेग याचे ९ सप्टेंबर १९१४ चे टिपण मिळाले. फ्रान्सला कायमचे दुबळे करणे, बेल्जियमला मांडलिक बनविणे, लक्सेंबर्ग जोडून घेणे, मध्य यूरोपचा जर्मन वर्चस्वाखालील आर्थिक संघ उभारणे व मध्य आफ्रिकेत सलग वसाहत निर्माण करणे, अशी त्यात उद्दिष्टे होती. युद्ध सुरू होऊन महिनाभरच झाला असताना हे टिपण तयार झाले होते. त्यावरून फिशरने जर्मन राज्यकर्त्यांकडे युद्धाच्या जबाबदारीचा मोठा वाटा दिला आणि १९१४ व १९३९ यांच्या उद्दिष्टांतील सातत्य सूचित केले.

पहिल्या युद्धात आपण यूरोपातील इतर देशांबरोबर नकळत ओढले गेलो व हिटलर हा केवळ एक अपघात होता, या समजावर पश्चिम जर्मनीचा आत्मसन्मान बराचसा आधारलेला होता. साहजिकच फिशरवर प्रखर टीका झाली. गेर्हार्ट रिटर हा नाझींच्या तुरुंगात राहिलेला प्रतिष्ठित इतिहासकार टीकाकारांत अग्रभागी होता. फिशर स्वतः १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता, ही गोष्ट लक्षात घेता या वादातील पक्ष व त्यांतील माणसे यांची सरळ विभागणी करता येत नाही, हे दिसून येते. १९६४ मध्ये फिशरच्या अमेरिकेतील व्याख्यानांसाठी मंजूर झालेले साहाय्य परराष्ट्रखात्याने काढून घेतले. तेव्हा अमेरिकन विद्यापीठांनी स्वखर्चाने ती व्याख्याने घडवून आणली. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या जर्मन इतिहासकारांच्या परिषदेत या प्रश्नावर मोठ्या श्रोतृसमुदायासमोर चर्चा झाली व तरुण पिढीचा कल फिशरकडे झुकल्याचे स्पष्ट झाले. त्याचे सर्वच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. इतर राष्ट्रांच्या धोरणांचा त्याने पुरेसा विचार केला नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्या टिपणाकडे डोळेझाक करून १९१४ चा इतिहास लिहिणे त्यानंतर कोणालाही शक्य झाले नाही.

फ्रान्समध्ये व्हीशी राजवटीचा (१९४०–४४) इतिहास प्रथम ढवळून काढला तो रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकन प्राध्यापकाने. फ्रेंच दप्तरे बंद असल्याने त्याने दोस्तांनी जप्त केलेली जर्मन कागदपत्रे वापरली आणि नाझींशी सहकार्य हे लादलेले नसून फ्रेंच सरकारनेच पुढे होऊन देऊ केलेले होते, हे १९७२ मध्ये दाखवून दिले. फ्रान्समध्ये दप्तरांसाठी तीस वर्षांची सर्वसाधारण मुदत १९७९ च्या कायद्याने आली. नाजूक कागदांना साठ वर्षे व त्याहून अधिक मुदत होती. २००८ च्या कायद्याने या मुदती कमी करण्यात आल्या.

दप्तरांच्या मुदती व त्यांबाहेरील कागद : ब्रिटनमध्ये १९५८ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने पन्नास वर्षांची मुदत घातली. १९६७ च्या दुरुस्तीने ती तीस वर्षांवर आणली आणि २०१० च्या कायद्यान्वये ती टप्प्याटप्प्याने वीस वर्षांवर आणण्याचे ठरले. दुसऱ्या महायुद्धाची बहुतेक कागदपत्रे १९७२ मध्ये एकदमच खुली झाली, तेव्हा आता या युद्धाचा इतिहास निश्चित होईल, असे अनेकांना वाटले. दोनच वर्षांनी विंटरबॉटमच्या पुस्तकामुळे जर्मन सांकेतिक संदेश ब्लेचली पार्क येथे वाचले जात होते, ही गोष्ट उघड झाली आणि तोवरचे लष्करी इतिहास एका बाजूने अपुरे ठरले. खुल्या केलेल्या दप्तरात काय आहे, याइतकेच काय नाही, हे शोधणे समकालीन इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिकावे लागते.

याचे अधिक गंभीर उदाहरण केन्याचे आहे. तेथील माउ माउ उठावाच्या काळात (१९५२–६०) ब्रिटिश प्रशासनाने किकुयू जमातीच्या फार मोठ्या लोकसंख्येला छावण्यांत व बंदिस्त खेड्यांत डांबले. १,०९० लोकांना फाशी दिले. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या कॅरोलाइन एल्किन्सने २००५ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. नायरोबी व लंडन येथील दप्तरांत मोठी खिंडारे आढळल्याने तिने वृद्ध किकुयू स्त्रीपुरुषांच्या तोंडी कथनांवर बराच भर दिला आणि त्यामुळेच तिच्यावर टीका झाली. काही आकड्यांबाबत ती टीका योग्यही होती. पण छळ झालेल्या व्यक्तींनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा २०११ मध्ये ब्रिटिश सरकारला एक गोष्ट मान्य करावी लागली : सदतीस माजी वसाहतींतून सत्तांतराच्या वेळी हलविलेल्या सु. ८,८०० फायली हॅन्स्लोप पार्क येथील एका बंदोबस्ताच्या जागी अर्धशतक पडून होत्या. अशा आणखी कितीतरी फायली निघताना जाळण्यात आल्या होत्या. सापडलेल्या कागदांनी छळाच्या मूळ कथनांना पुष्टी दिली. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला व ५,२२८ दावेदारांसाठी १९·९ दशलक्ष पौंडांची तडजोड मान्य केली. लिखित पुरावा विश्वसनीय व तोंडी पुरावा दुय्यम, हा रांकेच्या परंपरेतील क्रम येथे उलटला. निरक्षर साक्षीदारांचे म्हणणे खरे ठरले, आणि दप्तर खोटे नसले, तरी निवडून ठेवलेले निघाले.

मौखिक साधनांचा संग्रह विद्यापीठात पद्धतशीरपणे करण्याचा आरंभ ॲलन नेव्हिन्सने कोलंबिया विद्यापीठात १९४८ मध्ये केला. या साधनाची स्वतःची संकटे आहेत. स्मृती बदलते, हे त्यांतील लहान संकट होय. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती २००१ ते २००६ या काळात ध्वनिमुद्रित केल्या. हयातीत त्या उघड होणार नाहीत, असे आश्वासन मुलाखत देणाऱ्यांना मिळाले होते. १९७२ मधील एका हत्येच्या तपासासाठी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी २०११ मध्ये त्या मागितल्या व अमेरिकन न्यायालयांच्या आदेशाने त्यांतील काही हवाली कराव्या लागल्या. पुढे २०१९ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरविल्या; परंतु तोवर इतिहासकाराला दिलेला शब्द विद्यापीठ पाळू शकत नाही, हे सर्वांना कळून चुकले होते. मारल्या गेलेल्या स्त्रीच्या मुलांचा सत्य जाणण्याचा हक्कही तितकाच खरा होता.

सोव्हिएट रशियात समकालीन इतिहास हा विषय दीर्घकाळ पक्षाच्या इतिहासात विलीन झालेला होता. १९४१ च्या जर्मन आक्रमणापूर्वीच्या स्टालिनच्या बेफिकिरीवर ग्रंथ (१९६५) लिहिणाऱ्या अलेक्सांदर न्येक्रिचला १९६७ मध्ये पक्षातून काढण्यात आले. १९७६ मध्ये त्याने देश सोडला. १९३९ च्या जर्मन-सोव्हिएट करारातील गुप्त कलमे १९८९ पर्यंत नाकारली जात होती. त्यानंतर काही वर्षे दप्तरे बरीच मोकळी झाली. परंतु स्टालिनकालीन बळींची माहिती गोळा करणारी मेमोरियल ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित करण्यात आली.

भारत : दप्तर व सत्ता यांच्या संबंधाचा अनुभव महाराष्ट्राला फार पूर्वी आला. १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलेले पुणे येथील पेशवे दप्तर शंभर वर्षे लोटल्यावरही भारतीय संशोधकांना मोकळेपणाने पाहता येत नसे. त्यातील इनामांचे व हक्कांचे कागद सरकारला अडचणीचे ठरतील, ही भीती त्यामागे होती. राजवाडे व त्यांचे सहकारी गावोगावची खाजगी दप्तरे शोधत हिंडले, त्याचे हेही एक कारण होय. गो. स. सरदेसाई यांनी या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात संपादिले. १९३५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात जी अखिल भारतीय परिषद भरली, तिच्या नावात ‘आधुनिक’ हे विशेषण होते. १९३८ च्या अलाहाबाद अधिवेशनात ते गळून भारतीय इतिहास परिषद हे नाव रूढ झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांत आधुनिक जगाचा इतिहास ही अभ्यासपत्रिका सामान्यतः आली, पण ती बहुधा फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू होऊन १९४५ ला थांबे. यूरोपच्या इतिहासालाच जगाचा इतिहास म्हणण्याची सवयही तिने वसाहतकाळाकडून उचलली होती. क. मा. पणिक्कर यांचा आशिया व पाश्चात्त्य वर्चस्व यांवरील ग्रंथ (१९५३) हा त्या सवयीला अपवाद होता. नजीकच्या काळाचा अभ्यास इतिहास विभागांपेक्षा राज्यशास्त्राकडे व १९५५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अध्ययनाच्या संस्थेकडे गेला. या वाटणीमुळे इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनचिकित्सा येते, पण १९४७ नंतरचा काळ माहीत नसतो, आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याची स्थिती याच्या उलट असते. परभाषांचे शिक्षण तुटपुंजे असल्याने जगाच्या इतिहासावरील मूळ साधने वापरून संशोधन करणारे भारतीय अभ्यासक थोडेच निपजले, हा या विषयाच्या अध्यापनातील जुना व अजूनही न भरलेला तोटा होय.

सत्तांतराच्या कागदपत्रांचे बारा खंड (१९७०–८३) ब्रिटिश सरकारने मॅन्सर यांच्या संपादकत्वाखाली काढले. भारतीय बाजू मांडण्यासाठी हाती घेतलेल्या भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या प्रकल्पाचे काम मात्र रेंगाळले आणि सुमित सरकार व के. एन्. पणिक्कर यांनी संपादिलेले त्याचे दोन खंड २००० मध्ये प्रकाशकाकडून परत मागविण्यात आले. काही वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. मौलाना आझाद यांच्या आत्मकथनातील (१९५९) तीस पृष्ठे तीस वर्षांसाठी मोहोरबंद केलेली होती. १९८८ मध्ये ती उघडली, तेव्हा त्यांतील व्यक्तिविषयक मतांपेक्षा ती झाकली गेली, याचीच चर्चा अधिक झाली. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम तीस वर्षांहून जुने व गोपनीय नसलेले कागद संशोधकांना उपलब्ध करून देतो. कागद गोपनीय आहे की नाही, हे मात्र ज्या खात्याचा तो असेल, ते खातेच प्रथम ठरविते. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवासंबंधीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल (१९६३) पन्नास वर्षांनंतरही याच कारणास्तव सरकारने खुला केला नव्हता. २०१४ मध्ये त्याचा काही भाग नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने प्रसृत केला. गोवा मुक्तिलढ्याच्या अभ्यासकाला पणजीच्या पुराभिलेखागाराबरोबर लिस्बनकडेही वळावे लागते. सालाझार राजवटीच्या गुप्त पोलिसांचे तेथील कागद संशोधनासाठी खुले झाले ते १९९४ मध्ये, राजवट कोसळल्यानंतर वीस वर्षांनी.

मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एक प्रकरण अद्यापि पुरते अभ्यासले गेलेले नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानात, विशेषतः उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत, मुस्लिम वस्तीवर जे हल्ले झाले, त्यांची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक मंडळ पाठविण्यात आले होते. मृतांची संख्या अगदी कमीत कमी धरली तरी सत्तावीस ते चाळीस हजार भरते, असा अंदाज त्याने दिला. त्यापूर्वीच्या महिन्यांत रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचीही त्याने नोंद घेतली आहे. अहवाल सरकारने छापला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूराणी यांच्या ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून तो सर्वसामान्य वाचकांपुढे आला. रझाकारांचा जुलूम व मुक्तिलढा यांविषयी मराठीत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या सहकाऱ्यांची व इतर कार्यकर्त्यांची आत्मकथने, सत्कारग्रंथ व स्मरणिका पुष्कळ आहेत. दुसऱ्या बाजूच्या आठवणी बहुधा उर्दूत किंवा केवळ घरांतून सांगितल्या गेल्या. दोन्ही लिप्या वाचू शकणारे विद्यार्थी मराठवाड्यातील महाविद्यालयांत आता थोडे आहेत, आणि १९४८ मध्ये जाणत्या वयात असलेली माणसे नव्वदीच्या पुढे गेली आहेत.